ऑक्टोबरची कात्री

पुण्याच्या एम्प्रेस गार्डनमधलं जानेवारीचं पुष्पप्रदर्शन बघणाऱ्यांना ऑक्टोबरमधली गुलाबाच्या छाटणीची झटापट दिसत नाही. बाग मूळची गोऱ्या सैनिकांसाठीची. ती सांभाळणारी संस्था १८३० सालची. साहेबाच्या देशात गुलाब थंडीत झोपतो, इथे थंडीतच फुलतो. मग फुलण्याआधी त्याला इथे झोपवायचं कसं? माळीकाम करणाऱ्या आमच्या आजोबांची जुनी रीत अशी: पाऊस सरला की पाणी तोडायचं, आळं उकरून मुळं काही दिवस उन्हात उघडी टाकायची, मग फुगलेल्या डोळ्याच्या जरा वर तिरका काप द्यायचा आणि आळ्यात शेणखत भरायचं. साधारण ४५ दिवसांत फूल. मुळं उघडी टाकणं मला तरी छळच वाटतो. छाटणी मात्र हवीच, आणि कात्रीला धार हवी; बोथट कात्रीने फांदी चेचते, मग वरून वाळत जाते.