चढाईपटूची कारकीर्द

नागपुराहून दक्षिणेस हैदराबादेकडे जाणारा राजमार्ग वर्धा जिल्ह्यात शिरून हिंगणघाटच्या रोखाने निघतो, तेव्हा समुद्रपूर तालुक्यातील जाम या गावी त्यास चंद्रपूरकडे जाणारी वाट फुटते. आणि या चौरस्त्यावरून रात्रंदिवस धावणाऱ्या वाहनांतील प्रवाशांस जाम म्हणजे चहापाण्यापुरते थांबण्याचे ठिकाण एवढेच ठाऊक असले, तरी भोवती पसरलेल्या काळ्या मातीच्या आणि कापसाच्या या मुलखास स्वतःचा असा एक क्रीडेतिहास आहे. १८५४ मध्ये भोसल्यांचे राज्य खालसा झाले, १८६२ मध्ये नागपूर जिल्ह्यातून वर्धा जिल्हा वेगळा काढण्यात आला, आणि मालगुजारीच्या बंदोबस्तात शेतांची प्रतवारी, विहिरी, सारा आणि हक्क यांची बारकाईने नोंद झाली. परंतु दिवस मावळल्यावर गावाबाहेरच्या मोकळ्या जागेत कोणत्या गड्याने किती गडी मारून दम न सोडता मध्यरेषा गाठली, हे लिहून ठेवण्याचे प्रयोजन कोणत्याही अंमलदारास वाटले नाही. म्हणून या मुलखातील कबड्डीच्या चढाईपटूची कारकीर्द समजून घ्यावयाची, तर दप्तर बाजूस ठेवून मातीपासूनच आरंभ करावा लागतो.

ही माती खेळासाठी सोपी नाही. पावसाळ्यात ती पायास चिकटून पाऊल उचलू देत नाही, आणि उन्हाळ्यात तिला पडणाऱ्या भेगांत घोटा सहज अडकतो. त्यामुळे खरीप आवरून कापसाची वेचणी सुरू झाली की होळीपर्यंतचा जो थंडीचा अवकाश मिळतो, तोच खेळाचा हंगाम. त्या हंगामापूर्वी गावातील पोरे जागा उकरतात, ढेकळे फोडतात, खडे आणि पऱ्हाटीची खुंटे एकेक करून वेचतात, चाळलेल्या मातीत शेणखत व लाकडाचा भुसा मिसळून ती पसरतात, पाणी शिंपडून दाबतात आणि अखेरीस दोरी ताणून फक्कीच्या रेषा मारतात. हे सारे पगारी मजुरांकडून करवून घेण्याचे काम नव्हे; ज्याला उद्या त्या चौकटीत उतरावयाचे आहे, त्यानेच ती माती आज हातांनी चाळलेली असते, आणि कोणत्या कोपऱ्यात ती भुसभुशीत राहिली आहे हे त्याचे तळवे जाणत असतात.

ती चौकट आजच्या नियमांप्रमाणे पुरुषांसाठी १३ मीटर लांब व १० मीटर रुंद असते. तिच्या निम्म्या भागात सात बचावपटू उभे असताना एकटा गडी ‘कबड्डी कबड्डी’ असा अखंड घोष करीत आत शिरतो, निदान रेषा ओलांडतो आणि कोपऱ्यातील रक्षकाचा तोल किंचित पुढे झुकला आहे काय, हे डोळ्यांच्या कडेने पाहत राहतो. या गड्याचे अर्धे कसब पायांत आणि अर्धे थांबण्यात असते. उजव्या हाताची हूल दाखवून डाव्या पायाने मागे लाथ फेकावी, स्पर्श होताच अंग आखडून मध्यरेषेकडे वळावे, आणि घोट्यास पकड बसलीच तर धड पुढे झोकून बोटांचे टोक तरी रेषेपलीकडे न्यावे, एवढ्या साऱ्यास आज ३० सेकंदांची मुदत आहे. पूर्वी घड्याळाऐवजी केवळ छातीतील दम हेच मोजमाप होते, आणि दम तुटल्याचे पंचाच्या कानाने ठरत असे. चढाई संपली की तोच गडी क्षणात रक्षकांच्या साखळीत जाऊन उभा राहतो. आक्रमण एकाचे आणि संरक्षण दुसऱ्याचे अशी पूर्ण वाटणी या खेळाने कधी मान्य केली नाही, आणि त्याच्या शिक्षणातील खरे मर्म मला येथेच दिसते.

असा खेळ शतकानुशतके गावोगावी वेगवेगळ्या रीतींनी चालत होता. मारलेला गडी प्रतिपक्षाचा गडी बाद होताच पुन्हा आत येई ती संजीवनी, सर्व संघ बाद होईपर्यंत तो बाहेरच बसे ती गामिनी, आणि कोणासच बाहेर न काढता केवळ गुण मोजले जात तो अमर, असे तीन प्रकार प्रचलित होते. त्यांतून संजीवनीची रीत पुढे सर्वमान्य झाली. १९१८ च्या सुमारास सातारा येथे नियम एकत्र करण्याचा उद्योग झाला, १९२३ मध्ये बडोद्याच्या हिंद विजय जिमखान्याने नियमावली सिद्ध करून अखिल भारतीय सामने भरविले, आणि १९३८ मध्ये कलकत्त्याच्या राष्ट्रीय क्रीडास्पर्धांत या खेळाचा अंतर्भाव झाला. १९५० मध्ये अखिल भारतीय कबड्डी महासंघ स्थापन झाला व १९५२ मध्ये मद्रास येथे पुरुषांची पहिली राष्ट्रीय स्पर्धा खेळली गेली.

या घडामोडींत विदर्भाचा वाटा लहान नव्हता. अमरावती येथे वैद्य बंधूंनी १९१४ मध्ये स्थापिलेल्या श्री हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाने देशी व्यायामाचे रीतसर शिक्षण देण्याची जी परंपरा घातली, तिच्या बळावर १९३६ मध्ये मंडळाचे पथक डॉ. सिद्धनाथ काणे यांच्या नेतृत्वाखाली बर्लिन ऑलिम्पिकच्या प्रसंगी गेले आणि त्याने तेथे मल्लखांबासारख्या देशी व्यायामप्रकारांबरोबर कबड्डीचेही प्रदर्शन केले. त्याच वर्षी वर्ध्याजवळच्या शेगावी, ज्यास पुढे सेवाग्राम म्हटले गेले, महात्मा गांधी वास्तव्यास आले. एका ठिकाणी यंत्राविना उद्योगाचा विचार आणि दुसऱ्या ठिकाणी साधनाविना व्यायामाचा विचार एकाच प्रदेशात एकाच काळी फुलावा, यास मी केवळ योगायोग मानत नाही. दरिद्री परंतु स्वाभिमानी समाजाने आपल्या हाती जे आहे त्यातूनच बळ उभे करण्याचा तो एकच संकल्प होता. पुढे वर्धा जिल्हा मध्यप्रांतातून मध्यप्रदेशात, १९५६ मध्ये द्वैभाषिक मुंबई राज्यात आणि १९६० मध्ये महाराष्ट्रात आला. तथापि राष्ट्रीय स्पर्धांत विदर्भाचा संघ आजही महाराष्ट्राच्या संघाहून स्वतंत्र उतरतो.

अशा परंपरेत वाढलेल्या गड्याची कारकीर्द साधारणतः ठरलेल्या पायऱ्यांनी चढते. प्रथम शाळेचा संघ, मग गावचे क्रीडा मंडळ, मग आसपासच्या गावांतील खुले सामने. लोकवर्गणी काढून भरविलेल्या या सामन्यांना पूर्वी गॅसबत्त्यांच्या उजेडात रात्र रात्र रंग चढे. परगावच्या संघांस घराघरांत जेवावयास वाटून दिले जाई, आणि सकाळी ज्याने वरण-पोळी व वांग्याची भाजी आग्रहाने वाढली, तोच रात्री पाहुण्याचा घोटा धरण्यास सिद्ध असे. तेथून तालुका, जिल्हा आणि फार थोड्यांच्या वाट्यास विदर्भाचा संघ. या जिन्याच्या शिरोभागी पूर्वी द्रव्य नव्हते, नोकरी होती: रेल्वे, पोलीस, राज्य परिवहन, बँक. कबड्डीतील पहिला अर्जुन पुरस्कार १९७२ मध्ये महाराष्ट्राच्या सदानंद शेट्ये यांस मिळाला, १९९० मध्ये बीजिंगच्या आशियाई स्पर्धांत भारताने सुवर्णपदक जिंकले, आणि २००५ मध्ये महाराष्ट्र शासनाने नोकऱ्यांत खेळाडूंसाठी पाच टक्के आरक्षण ठेवले. तेव्हा गुडघे सोलून घेणाऱ्या मुलाच्या बापास ‘यातून पोटाचे काय?’ या प्रश्नाचे काहीएक उत्तर मिळाले. मात्र शरीर ठरावीक वर्षेच साथ देते. वारंवार पिरगळलेला गुडघा आणि निखळलेला खांदा यांमुळे तिशी उलटता उलटता चढाईचा वेग ओसरतो, आणि कालपर्यंत ज्याचे नाव पुकारले जात होते, तो रेषेबाहेर बसू लागतो.

या अल्पायुषी वैभवाचे दुसरे एक उदाहरण साता समुद्रांपलीकडचे आहे. अमेरिकेत जिम फॉस्टर यांनी १९८१ मध्ये बंदिस्त सभागृहातील सॉकर पाहताना तेथील फुटबॉल तशाच आवारात आणण्याची कल्पना केली व १९८७ मध्ये अरीना फुटबॉलचा पहिला हंगाम झाला. बर्फावरील हॉकीच्या आवारात ५० यार्डांचे मैदान, कडेस गाद्या लावलेल्या भिंती आणि प्रत्येक बाजूस आठ गडी. तेथे धावत जाऊन चेंडू झेलणाऱ्या बहुतेक वाइड रिसीव्हरांना दीर्घकाळ नियमानेच बचावातही उभे राहावे लागे. २००७ मध्ये मोकळ्या बदलीस परवानगी मिळाली, तेव्हा ती सक्ती उठली. आल्बनीच्या फायरबर्ड्स संघाचा एडी ब्राउन हा चेंडू झेलणारा त्या खेळातील नामांकित गडी. त्या खेळाच्या वीस वर्षांतील श्रेष्ठ खेळाडूंची यादी २००६ मध्ये झाली, तीत त्यास पहिला मान मिळाला. तरीही अमेरिकेच्या मुख्य फुटबॉलमध्ये वाइड रिसीव्हर म्हणून कीर्ती मिळाली ती त्याचा पुत्र अँटोनियो ब्राउन यास. अरुंद चौकटीतील सर्वांगी कौशल्य, दुहेरी जबाबदारी आणि लहान कारकीर्द या तिन्ही बाबतींत अरीना फुटबॉलच्या गड्याचे आणि आपल्या चढाईपटूचे नाते जवळचे आहे. परंतु तो खेळ भाड्याच्या आवारावर आणि मालकांच्या भांडवलावर उभा होता. २००९ चा हंगाम रद्द झाला, २०१० मध्ये खेळ पुन्हा उभारला गेला, आणि २०१९ मध्ये तो चालविणारी संघटना दिवाळखोरीत निघून बंद पडली. भांडवल उठून गेले, तेव्हा खेळाडूच्या पायाखालची जागाही त्याबरोबरच गेली.

जाम आणि त्यासारख्या गावांत असे घडले नाही, कारण तेथील मैदान कोणाच्या हिशेबाच्या वहीत जमा नव्हते. मालगुजारी गेली, प्रांत बदलले, परंतु चाळलेली माती आणि फक्कीची दोरी गावाच्या हाती राहिली. आणि ज्याचा वेग ओसरला तो गडी त्याच मैदानावर पोरांस निदान रेषेवरचा पाय कसा टाकावा हे शिकवू लागला, सामन्यात पंच म्हणून उभा राहिला, वर्गणीसाठी घरोघर फिरला. त्याची कारकीर्द संपली असे गावाने कधी मानलेच नाही. तिचे केवळ स्वरूप पालटले. बुवा साळवी यांच्यासारख्या कार्यकर्त्यांनी राज्यभर जो खेळ रुजविला, तो अशाच निवृत्त गड्यांच्या खांद्यावर टिकला.

२०१४ मध्ये प्रो कबड्डी सुरू झाली आणि २०१८ च्या लिलावात काही खेळाडूंवरील बोली एक कोटी रुपयांपलीकडे गेली, याचा आनंदच मानावयास हवा. ज्या अंगमेहनतीस पिढ्यानपिढ्या केवळ शाबासकी मिळाली, तिला दाम मिळणे न्यायाचे आहे. तथापि माती जाऊन मॅट आली, अनवाणी पायांत बूट आले, आणि मॅटवर सराव न मिळालेल्या गावच्या मुलास निवड चाचणीत पहिल्याच वळणावर आपला पाय परका वाटू लागला. म्हणून प्रत्येक तालुक्याच्या ठिकाणी मॅटचे निदान एक मैदान सार्वजनिक खर्चाने उभे राहिले पाहिजे, त्यावर शिकविण्याचे काम मोबदला देऊन गावच्याच जुन्या गड्यांकडे सोपविले पाहिजे, आणि सामन्यांच्या नोंदी प्रत्येक मंडळाने वहीत जपल्या पाहिजेत. मोठ्या स्पर्धांचे मालक उद्या बदलतील, कदाचित निघूनही जातील. चढाईपटूला घडविणारी आणि उतरत्या काळात त्याला काम देणारी संस्था गाव हीच आहे, आणि ती सांभाळण्याचा खर्च समाजाने आपला मानल्याखेरीज या खेळाचे भवितव्य सुरक्षित होणार नाही.