शिरपाव : डोक्यापासून पायापर्यंत

शाळेला पारितोषिक मिळाले की दुसऱ्या दिवशीच्या बातमीत ‘शिरपेचात मानाचा तुरा’ असतोच. शिरपेच म्हणजे पगडीवर बांधायचा दागिना, तेव्हा तुऱ्याची जागा बरोबर आहे. त्याचा भाऊ वाटणारा ‘शिरपाव’ मात्र नुसता डोक्याचा नाही. फारसीत ‘सर’ म्हणजे डोके, ‘पा’ म्हणजे पाय. ‘सर-ओ-पा’ म्हणजे डोक्यापासून पायापर्यंतचा पुरा पोशाख. मराठी कानाला ‘सर’मध्ये ‘शिर’ ऐकू आले आणि शब्द आपला झाला. पंजाबात तो ‘सिरोपा’ होऊन गुरुद्वारात आजही पाहुण्याच्या गळ्यात पडतो. सुरतेच्या इंग्रजांनी त्याचे ‘सीरपॉ’ केले. आज आपण बक्षीस, शाबासकी एवढ्याच अर्थाने तो वापरतो. पण साडेतीनशे वर्षांपूर्वी हा पोशाख अंगावर चढवून घ्यायचा की नाही, यावर राज्यांची गणिते हलत होती.

दरबारात त्याचे अरबी नाव चाले : खिलत. ज्या धातूपासून हा शब्द आला त्याचा अर्थ अंगातून उतरवणे. राजाने स्वतःच्या अंगावरचे वस्त्र काढून दुसऱ्याच्या अंगावर घालायचे, हा त्याचा मूळ भाव. बगदादच्या अब्बासी खलिफांकडे ही रीत होती, आणि इराण-तुराणमार्गे ती मोगलांकडे आली. बादशहाने वापरलेल्या वस्त्राला मोगल ‘मलबूस-ए-खास’ म्हणत आणि ते मिळणे हा सर्वांत मोठा मान. बाकीच्यांसाठी तोशाखाना, म्हणजे देण्याघेण्याच्या वस्त्रांचे भांडार होते. साधी खिलत तीन नगांची : पगडी, जामा, कमरबंद. पाच नगांची असेल तर तिच्यात सरपेच आणि पगडीवर बांधायची पट्टी. त्याच्या वर सहा आणि सात. ज्याला जितके नग, तितकी त्याची पायरी, आणि दरबारातला प्रत्येक जण ते नग मोजत उभा असे.

ही खुशामतच होती, पण वरून खाली येणारी. समोरच्या अवघड माणसाला सर्वांदेखत गौरवायचे आणि त्याच हाताने त्याला आपला म्हणून टाकायचे. ज्याने दुसऱ्याचे वस्त्र पांघरले तो त्याच्या छायेत आला, हा अर्थ सांगावा लागत नसे. इंग्लंडच्या राजाचा वकील टॉमस रो याला तो 1616 मध्ये कळला. शाहजादा खुर्रमने, म्हणजे पुढच्या शाहजहानने, स्वतः एकदोनदा घातलेला जरीचा झगा त्याच्या पाठीवर चढवायला लावला. आपण मोठ्या नाखुशीने आदर दाखवला, असे रोने रोजनिशीत लिहून ठेवले. आपल्या राजाचा प्रतिनिधी म्हणून आलेल्या माणसाला शाहजाद्याचा उतरलेला झगा बोचणारच.

आता आग्रा. त्याच्या आदल्या वर्षी, 1665 च्या जूनमध्ये, मोगल सेनापती मिर्झाराजा जयसिंहाशी पुरंदरचा तह झाला. तेवीस किल्ले गेले, बारा राहिले. पुढे बादशहाचे फर्मान आणि खिलत आली तेव्हा रिवाजाप्रमाणे शिवाजी महाराजांनी पायी सामोरे जाऊन ती स्वीकारली. हे विसरून चालत नाही. पोशाख घेणे त्यांना मुळातच नामंजूर होते असे नाही. मिर्झाराजांची फौज दारात असताना त्या कापडाने उसंत मिळत होती, आणि महाराजांनी ती उसंत घेतली.

12 मे 1666. औरंगजेबाच्या चांद्र पन्नासाव्या वाढदिवसाचा दरबार. महाराजांनी नजर, म्हणजे नजराणा, केली, बादशहा एक शब्द बोलला नाही, आणि त्यांना पाच हजारी मनसबदारांच्या रांगेत नेऊन उभे केले. पाच हजारी मनसब नऊ वर्षांच्या संभाजीराजांनाही होती. त्यानंतर काय झाले ते आंबेरच्या, म्हणजे मिर्झाराजांच्याच, कारभाऱ्यांनी राजस्थानीत लिहिलेल्या पत्रांत आले आहे, आणि ती पत्रे ऐकीव कथेपेक्षा कितीतरी बोलकी आहेत. वाढदिवसाचे विडे वाटले, महाराजांनाही विडा मिळाला. मग खिलती निघाल्या. शाहजाद्यांना दिल्या, वजीर जाफरखानाला दिली, जसवंतसिंहाला दिली. महाराजांना नाही. त्यांचे डोळे भरून आले, रागाने ते लाल झाले. बादशहाच्या ध्यानात आले, त्याने मिर्झाराजांचा मुलगा रामसिंह याला विचारायला सांगितले. महाराजांनी तिथल्या तिथे मनसब नाकारली, सिंहासनाकडे पाठ केली आणि बाजूला जाऊन बसले.

मग दरबाराला उपाय सुचला. बादशहाने तीन सरदारांना खिलत देऊन पाठवले : समजूत घाला, पोशाख चढवा, परत घेऊन या. महाराजांनी तो घातला नाही. मारा, कैदेत टाका, पण हा पोशाख अंगाला लावणार नाही, असे त्यांचे उत्तर पत्रांत नोंदले आहे. पगडी, जामा आणि कमरबंद यांवर दिल्लीच्या साम्राज्याने एवढा कद्रूपणा केला नसता तर पुढे काय झाले असते, हे मला सांगता येणार नाही. पण दक्षिणेतल्या सर्वांत अवघड माणसाला गौरवायची वेळ आली तेव्हा औरंगजेबाचा हात आखडला, ही त्याच्या कारकिर्दीतली मोठी चूक होती असे मी मानतो. 17 ऑगस्टला महाराज आग्र्यातून निसटले.

आठ वर्षांनी, जून 1674 मध्ये, रायगडावर पोशाख देणारा हात बदलला होता. राज्याभिषेकाला आलेला मुंबईचा इंग्रज वकील हेन्री ऑक्झिंडेन दूरवरून लवला. दुभाषा नारायण शेणवी याने नजराण्याची हिऱ्याची अंगठी उंच धरली. महाराजांचे लक्ष गेले, इंग्रजांना सिंहासनाच्या पायरीपाशी बोलावले गेले आणि तिथे त्यांच्या अंगावर वस्त्रे घातली गेली. ऑक्झिंडेनने हे स्वतःच लिहिले आहे, आणि त्याच्या लिखाणात कुरकुर नाही.

पुढे मराठी राज्यात नेमणूक म्हणजेच वस्त्रे. पहिल्या बाजीरावाला पेशवाईची वस्त्रे एप्रिल 1720 मध्ये कऱ्हाडजवळ मसूरला मिळाली. सवाई माधवरावाला ती पुरंदरावर आली तेव्हा तो चाळीस दिवसांचा होता. पाळण्यातल्या बाळाला पोशाख देऊन बारभाईंनी, म्हणजे कारभाऱ्यांच्या मंडळाने, पेशवाईवर दावा सांगणाऱ्या राघोबादादाचा हक्क बंद केला.

या प्रथेचा सर्वांत विलक्षण खेळ मात्र महादजी शिंद्यांनी केला. 1784 मध्ये त्यांनी शाह आलम बादशहाकडून पेशव्यासाठी वकील-इ-मुतलक, म्हणजे बादशहाचा सर्वाधिकारी प्रतिनिधी, हे पद मिळवले. 1788 मध्ये रोहिला सरदार गुलाम कादिरने बादशहाचे डोळे काढले, त्याला पुन्हा गादीवर बसवले ते महादजींनी. तोच आंधळा, शिंद्यांच्या आधाराने जगणारा बादशहा 1792 मध्ये पुण्याच्या पेशव्याला त्या पदाची खिलत पाठवत होता. कापड दुबळ्याकडून बलवानाकडे येत होते, तरीही पेशव्याचे कारभारी नाना फडणीस अडून बसले. सातारच्या छत्रपतींच्या सेवकाने दुसऱ्या धन्याचे वस्त्र कसे घ्यावे? नानांना पोशाखाचा अर्थ पुरता ठाऊक होता. साताऱ्याची परवानगी आल्यावरच सोहळा झाला. रिकामे सिंहासन मांडले, पेशव्याने त्याला नजर केली आणि दुसऱ्या तंबूत जाऊन पोशाख चढवला. उत्तर हिंदुस्थान हाताखाली असलेल्या महादजींनी त्याआधी दरबारात सर्वांखाली जागा घेतली होती आणि काखेतल्या गाठोड्यातून नवे जोडे काढून पेशव्यापुढे ठेवले होते. हा आपला वडिलोपार्जित धंदा, असे ते म्हणाले. अठरा वर्षांच्या पेशव्याचे मन त्यांनी जिंकले. नानांच्या मनातला संशय तेवढ्याने गेला नाही.

कंपनी सरकारने खिलतीतला जीव काढला. साहेबाला मिळालेला पोशाख तोशाखान्यात जमा व्हायचा आणि तोच पुढे दुसऱ्याला द्यायला निघायचा. 1843 मध्ये दिल्लीच्या बादशहाला नजर करणेही बंद केले. 1877 च्या दिल्ली दरबारात व्हाइसरॉय लिटनने संस्थानिकांना वस्त्रांऐवजी झेंडे आणि पदके दिली. 12 डिसेंबर 1911 ला पंचम जॉर्जपुढे बडोद्याचे सयाजीराव गायकवाड एकदाच लवले आणि पाठ करून निघाले, तेव्हा लंडनची वर्तमानपत्रे संतापली. मानाची भाषा बदलली होती, पाठ फिरवण्याचा अर्थ मात्र तोच राहिला होता.

पोशाख गेला, तोशाखाना टिकला. भारताच्या परराष्ट्र मंत्रालयात तो आजही त्याच नावाने आहे. परदेशात मंत्र्याला भेट मिळाली तर ती तिथे दाखवावी लागते, आणि पाच हजार रुपयांपेक्षा जास्त किमतीची वस्तू घरी न्यायची असेल तर वरचे पैसे भरावे लागतात.