बाहुलीच्या तळाखालची दोन महायुद्धं

वाडा पाडायला काढला की सगळ्यात आधी माळा रिकामा होतो. अहिल्यानगरच्या, म्हणजे कालपरवापर्यंतच्या अहमदनगरच्या, जुन्या पेठांमध्ये हे नवं नाही. तांब्या-पितळेची भांडी वजनावर जातात, सागवानी दारं घेणारा वेगळा येतो. शेवटी जुन्या लुगड्यात गुंडाळलेलं काहीतरी निघतं: पंखा धरलेली किमोनोतली बाई, बासरीवाला मुलगा, चैत्रगौरीच्या आराशीत वर्षानुवर्षं मांडलेली चिनी मातीची जोडी. (माती चिनी, बाहुली जपानी. मराठीनं हा घोळ कधी सोडवला नाही.) दारातला व्यापारी किरकोळ रक्कम सांगतो. घरातले म्हणतात, ‘पणजोबांनी खास जपानहून आणली होती.’ दोघांपैकी कुणाचंही ऐकण्याआधी बाहुली उलटी करा.

तळाशी शिक्का असेल तर तो बहुधा इंग्रजीत असतो, आणि त्याला कारण अमेरिका. १८९१ पासून अमेरिकेत येणाऱ्या परदेशी मालावर देशाचं नाव घालणं सक्तीचं झालं. जपानी कारखाने ‘निप्पॉन’ लिहू लागले. १९२१ मध्ये अमेरिकेनं ठरवलं की हा शब्द इंग्रजी नाही, ‘जपान’च लिहायचं. म्हणून ‘निप्पॉन’ साधारण त्या तीस वर्षांतला, ‘जपान’ किंवा ‘मेड इन जपान’ बहुतेक त्यानंतरचा. साधारण म्हणतो, कारण नियम अमेरिकेचा होता, मुंबईत उतरणाऱ्या मालाला तो बांधील नव्हता. त्यामुळे ‘शिक्का नाही म्हणजे फार जुनी’ हा तर्क फसवा. कधी कधी नुसतं कागदी लेबल असायचं, ते पहिल्याच धुण्यात गेलं.

पण ही बाहुली नगरपर्यंत पोचली कशी? कापसामुळे. १८९३ मध्ये ‘निप्पॉन युसेन कैशा’ या जपानी कंपनीनं जमशेटजी टाटांच्या साथीनं मुंबई ते जपान अशी जहाजं सुरू केली. तिकडच्या गिरण्यांना आपला कापूस हवा होता, आणि इकडे येताना जहाजांतून जपानी माल येऊ लागला. तरी खेळणी आणि शोभेच्या बाहुल्यांच्या धंद्यात जर्मनीचा दबदबा होता. १९१४ साली महायुद्ध पेटलं आणि तो माल तुटला.

इथे नगरचा थेट संबंध येतो. ब्रिटिशांनी हिंदुस्थानातल्या जर्मन नागरिकांना पकडून ज्या छावण्यांत ठेवलं, त्यातली एक मोठी छावणी अहमदनगरला होती. जर्मन माणसं इथे तारेच्या कुंपणाआड, आणि देशभरच्या बाजारात जर्मन मालाच्या रिकाम्या जागेवर जपानी माल. काचेचे मणी, बांगड्या, काडेपेट्या, खेळणी, सगळंच. जपान्यांनी युरोपियन बाहुल्यांच्या नकलाही भरपूर केल्या, म्हणून गोऱ्या मडमेच्या तळाशी ‘जपान’ दिसलं तर दचकू नका. पणजोबांना बोटीत बसायची गरजच नव्हती. मुंबईचा एक फेरा पुरे होता.

दुसऱ्या महायुद्धात उलट झालं. १९४१ मध्ये जपानशी व्यापार थांबला आणि डिसेंबरात जपान शत्रूच झाला. ऑगस्ट १९४२ मध्ये नेहरू, पटेल, आझाद यांना नगरच्या किल्ल्यात आणून ठेवलं, तेव्हा तो माल येणं बंदच होतं. व्यापाराची दारं किलकिली झाली ती १९४७ मध्ये. त्यानंतर १९५२ पर्यंतच्या बऱ्याच मालावर ‘मेड इन ऑक्युपाइड जपान’ असतं, म्हणजे अमेरिकेच्या ताब्यातला जपान. असा शिक्का असलेली बाहुली पणजीच्या १९३० सालच्या रुखवतात असूच शकत नाही. घरची गोष्ट कितीही गोड असो.

राहिली किंमत. या बाहुल्या साच्यात चिखल ओतून हजारोंनी काढलेल्या. तळाचं छोटं भोक भाजताना आतली हवा निघावी म्हणून असतं, ती तूट नव्हे. बारीक चिरांचं जाळं वयाचा पुरावा नाही, नव्या वस्तूवरही पडतं. तुटलेलं बोट किंवा फेव्हिक्विकनं चिकटवलेली मान मात्र किंमत चांगलीच पाडते. ऑनलाइन दिसतो तो मागितलेला भाव असतो. ‘विकले गेलेले’ हा फिल्टर लावून बघा, डोळे उघडतात. ‘ऑक्युपाइड’ शिक्क्याला ग्राहक आहेत म्हणून तो नकलीही मारला जातो. नेलपॉलिश रिमूव्हरच्या बोळ्यानं पुसून जाणारा शिक्का संशयास्पद. पण रिमूव्हर फक्त शिक्क्याच्या कडेला लावा, बाहुलीच्या गालाला नको. काही खऱ्या बाहुल्यांचे रंगही न भाजलेले असतात, ते क्षणात उतरतात.

आणि परदेशातला भाऊ ‘मी घेऊन जातो’ म्हणाला तर आधी वय बघा. शंभर वर्षं पुरी झालेली कलावस्तू १९७२ च्या कायद्यानं पुरावस्तूत मोडते, आणि ती खासगी व्यक्तीला देशाबाहेर नेता येत नाही.