मासे राखले, माणसे हाकलली

हिंदी महासागरातील चागोस बेटांवर नारळाच्या मळ्यांत राबणारी माणसे मुख्यतः आफ्रिका-मादागास्करहून आणलेल्या गुलामांचे वंशज. १९६५ साली ब्रिटनने ही बेटे मॉरिशसपासून तोडली. दिएगो गार्सियावर अमेरिकेचा लष्करी तळ व्हायचा होता. म्हणून १९६८ ते १९७३ या काळात सारी वस्ती उठवली. लोकांची कुत्रीसुद्धा मारून टाकली.

पुढे २०१० मध्ये त्याच ब्रिटनने तेथे सुमारे ६,४०,००० चौरस किलोमीटरचे संरक्षित सागरी क्षेत्र जाहीर केले. व्यापारी मासेमारी बंद. प्रवाळ जगले पाहिजेत, याबद्दल वाद नाही. पण लष्करी तळाचे बेट तेवढे वगळले! मग परतणाऱ्याने पोट भरायचे कशावर? २०१५ मध्ये आंतरराष्ट्रीय लवादाने मॉरिशसचे हक्क डावलल्याबद्दल ही घोषणा बेकायदा ठरवली. २०२५ मध्ये ब्रिटन-मॉरिशस करारावर सह्या झाल्या. त्यातही दिएगो गार्सियावर पुन्हा वसण्याची तरतूद नाही.

निसर्गरक्षणाचा कोणताही कायदा वाचताना आपण आधी विचारले पाहिजे: ही जागा रिकामी होती, की रिकामी केली गेली?