चाक झाकण्याचा इतिहास

१/ ब्रिटनमधल्या एखाद्या शेताच्या कडेला सुट्टीवर आलेले कुटुंब आपली टूरिंग कॅरव्हॅन उभी करते. गाडीपासून ती सोडवली जाते, चाकांना अटकाव लावला जातो, चारही कोपऱ्यांचे पाय जमिनीला टेकवले जातात. दाराच्या बाजूला कापडी ओसरी, म्हणजे ऑनिंग, उभारायची असते. त्याआधी एक क्षुल्लक वाटणारे काम उरते: त्या बाजूच्या चाकाची कमान कापडाच्या तुकड्याने झाकणे. दोन-तीन मिनिटांचे हे काम. मात्र त्यामागे दीडशे वर्षांहून अधिक काळ चाललेला एक वाद आहे. चाकांवरच्या घराने आपली चाके दाखवावीत की लपवावीत, आणि ती कोणी दाखवली तर चालतात?

२/ आधी शब्द पाहू. ‘कॅरव्हॅन’ हा फारसी ‘कारवान’चा युरोपीय अवतार. उंटांच्या काफिल्याचे नाव फ्रेंचमार्गे इंग्रजीत गेले, तेथे मोठ्या झाकलेल्या गाडीला चिकटले, आणि त्याचेच शेपूट तोडून ‘व्हॅन’ हा शब्द झाला. मुंबईच्या रस्त्यावरून धावणारी शाळेची व्हॅन नावापुरती तरी त्या काफिल्याची नात लागते.

३/ एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी इंग्लंडमध्ये राहती गाडी असे ती मुख्यतः जत्रांत खेळ दाखवणाऱ्यांकडे. डिकन्सच्या ‘द ओल्ड क्युरिऑसिटी शॉप’ (१८४०–४१) या कादंबरीतील मिसेस जार्ली मेणाच्या पुतळ्यांचे प्रदर्शन घेऊन अशाच गाडीतून हिंडते. रोमानी लोक तेव्हा बहुधा तंबूत राहत. हेझलच्या लवचीक काठ्या वाकवून त्यांवर घोंगड्या टाकलेला हा ठेंगणा तंबू. शतकाच्या मध्यावर त्यांनी गाडी स्वीकारली आणि पुढच्या काही दशकांत तिचे सोने केले. तिला ते ‘वार्डो’ म्हणत.

४/ हे रोमानी म्हणजे ज्यांना इंग्रज ‘जिप्सी’ म्हणत आले. इजिप्तमधून आले असावेत, या गैरसमजातून पडलेले ते नाव. त्यांची भाषा मात्र त्यांचे मूळ सांगते: ‘पानी’ म्हणजे पाणी, ‘कान’ म्हणजे कान, ‘मानुष’ म्हणजे माणूस. सुमारे हजार वर्षांपूर्वी भारतीय उपखंडातून निघालेल्या लोकांची ही भाषा मराठीच्याच कुळातली आहे.

५/ वार्डोचे अनेक प्रकार होते. आपल्या विषयासाठी त्यांतले दोन पुरेसे आहेत, कारण त्यांच्यातला फरक चाकांच्या जागेचा आहे.

‘रेडिंग’ गाडीची चाके घराच्या बाहेर असत. भिंती खाली अरुंद आणि वर रुंद होत जात, त्यामुळे उंच चाकांना बाजूला जागा मिळे. मागची चाके पुढच्यांपेक्षा मोठी असत. ओढा ओलांडायचा असो की खड्ड्यांची वाट तुडवायची असो, मोठे चाक अडत नाही. बैलगाडी पाहिलेल्याला हे सांगायला नको. आरे आणि तुंबा यांवर कोरीवकाम आणि झळझळीत रंग. चाक हा त्या घराचा दागिना होता. रेडिंग शहरातील डंटन अँड सन्स हे अशा गाड्या घडवणारे नामांकित कारखानदार.

‘बर्टन’ गाडीची चाके लहान आणि घराच्या खाली दडलेली. त्यामुळे भिंती सरळ उभ्या करता येत आणि आत खोली ऐसपैस मिळे. ही गाडी जत्रेवाल्यांची आवडती, कारण ती बऱ्या रस्त्यावरून एका मैदानातून दुसऱ्या मैदानात जाई. आडरानात मात्र तिची पंचाईत होई.

आत जागा हवी तर चाक लपवावे लागते आणि चाकाला मोकळीक हवी तर जागा सोडावी लागते. हा पेच पुढच्या प्रत्येक कारागिरापुढे उभा राहिला.

६/ रोमानी प्रथेनुसार माणूस गेला की त्याची गाडी आणि चीजवस्तू जाळून टाकीत. अप्रतिम कोरीवकाम केलेल्या कितीतरी गाड्या अशा राख झाल्या. आज संग्रहालयांत उरलेल्या मोजक्या वार्डो पाहताना हे लक्षात ठेवावे. ज्यांनी गाडी मालकाबरोबर जाळली, त्यांच्यासाठी ते वाहन नव्हते, ते घर होते.

७/ १८८५ साली या घराकडे एका सद्गृहस्थाचे लक्ष गेले. डॉ. विल्यम गॉर्डन स्टेबल्स हे शाही नौदलातील निवृत्त शल्यचिकित्सक, मुलांसाठी साहसकथा लिहिणारे लोकप्रिय लेखक. ते राहत ट्विफर्ड गावी, म्हणजे रेडिंगच्या अगदी शेजारी. त्यांनी ब्रिस्टल वॅगन वर्क्सकडून ‘द वाँडरर’ नावाची राहती गाडी बांधून घेतली आणि दोन घोडे जोडून थेट स्कॉटलंडमधील इन्व्हर्नेसची वाट धरली. सोबत गाडीवान, कुत्रा, पोपट आणि पुढे तीनचाकी सायकलवरून वाट मोकळी करीत जाणारा नोकर. दुसऱ्या वर्षी त्या प्रवासाचे पुस्तक आले.

रोमानी माणसाने हेच केले असते तर गावचा शिपाई त्याला हाकलायला आला असता. डॉक्टरांच्या गाडीला मात्र ‘जमिनीवरची नौका’ असे कौतुकाचे नाव मिळाले. हौशी भटक्यांची एक पिढीच मग तयार झाली, त्यांना ‘जंटलमन जिप्सी’ म्हणू लागले, आणि १९०७ मध्ये त्यांचा कॅरव्हॅन क्लब स्थापन झाला. पुढच्याच वर्षी आलेल्या ‘द विंड इन द विलोज’ या बालकादंबरीत बेडूकराव पिवळ्याधमक वार्डोतून सहलीला निघतात आणि भरधाव मोटारीमुळे ती गाडी खड्ड्यात जाते. बेडूकरावांना दुःख होत नाही. ते मोटारीच्याच प्रेमात पडतात. पुढच्या दोन दशकांचा इतिहास त्या प्रसंगात आधीच लिहून ठेवला होता.

८/ पहिल्या महायुद्धानंतर, १९१९ मध्ये, बर्मिंगहॅमच्या एकल्स कंपनीने मोटारीमागे ओढायच्या कॅरव्हॅन विक्रीसाठी बांधायला घेतल्या. घोडा गेला, मोटार आली, आणि चाकांचा हिशेब बदलला. मोटारीला वजन कमी हवे, म्हणून चारांऐवजी दोनच चाके, मधोमध एका आखावर. शिवाय गाडीची रुंदी रस्त्याला आणि कायद्याला मानवेल एवढीच हवी. ब्रिटनमध्ये मोटारीमागे ओढायच्या कॅरव्हॅनसाठी २.३ मीटर ही मर्यादा दीर्घकाळ होती. रेडिंगसारखी चाके बाहेर ठेवली तर तेवढी खोली आक्रसते. बर्टनसारखी खाली ठेवली तर जमीन उंच होते, तोल वर सरकतो आणि वळणावर गाडी डुलते.

तेव्हा तिसरा मार्ग निघाला. भिंत खालून अर्धवर्तुळात कापायची, चाक त्या कमानीत बसवायचे आणि आतल्या बाजूने त्यावर पेटी बांधायची. कॅरव्हॅनमध्ये बसण्याच्या बाकाखाली किंवा कपाटाच्या तळाशी हात घातला तर एक उंचवटा लागतो, तो हाच. चाक घरात शिरले होते आणि घरातली माणसे त्याच्या डोक्यावर बसून चहा पीत होती.

९/ कमानीने एक प्रश्न सोडवला आणि दुसरा उभा केला. जुन्या कॅरव्हॅनचा सांगाडा लाकडी, त्यावर अ‍ॅल्युमिनियमचा पत्रा. चाकाने उडवलेले पाणी आणि चिखल नेमका कमानीच्या सांध्यावर आदळे. तेथून ओल आत शिरे, लाकूड कुजे, आणि मालकाला कळे तेव्हा भिंतीत बोट रुतत असे. आजही जुनी कॅरव्हॅन घेताना जाणकार कमानीभोवतीची जागा दाबून पाहतात.

१०/ इथे विमान मदतीला आले. त्या काळी विमानांची चाके पोटात दुमडत नसत, म्हणून वाऱ्याचा अडथळा कमी करण्यासाठी त्यांवर थेंबाच्या आकाराची टोपणे चढवीत. त्यांना ‘स्पॅट’ म्हणत. हा शब्द मूळचा पायातला! चिखलापासून मोजे वाचवण्यासाठी बुटांवर बांधायच्या कापडी पट्ट्यांना ‘स्पॅटरडॅश’ म्हणत, म्हणजे शिंतोडे अडवणारे. त्याचे लघुरूप स्पॅट. बुटावरून विमानाच्या चाकावर, तेथून मोटारीवर आणि मग कॅरव्हॅनच्या कमानीवर. मूळ काम, शिंतोडे अडवणे, शेवटी या शब्दाला परत मिळाले.

११/ माणसेही त्याच वाटेने आली. चार्ल्स लिंडबर्गच्या ‘स्पिरिट ऑफ सेंट लुईस’ या विमानाच्या बांधणीवर देखरेख करणाऱ्या हॉली बोलस यांनी १९३४ मध्ये अमेरिकेत रिव्हेट ठोकलेल्या अ‍ॅल्युमिनियमची ‘रोड चीफ’ ही कॅरव्हॅन काढली. १९३६ मधील एअरस्ट्रीमची ‘क्लिपर’ त्याच वळणाची. जर्मनीत ‘नाटर’ या रॉकेट-विमानाचे रचनाकार एरिख बाखेम युद्धानंतर कॅरव्हॅनकडे वळले; त्यांच्या नावाच्या आद्याक्षरांतून ‘एरिबा’ हे नाव आले.

चाकावरच्या टोपणाने वेग कितपत वाढला? खरे तर फारसा नाही. कॅरव्हॅनला वारा अडवतो तो तिच्या उंच, रुंद कपाळावर आणि मागे खेचतो तो पाठीशी उठणाऱ्या भोवऱ्यांतून. चाकाचा वाटा किरकोळ. टोपण बसले ते डोळ्यांसाठी. कमान झाकली की भिंत सलग दिसे, आणि सलग भिंत म्हणजे आधुनिकता, असे ते युग होते.

१२/ डोळ्यांच्या या सुखाची किंमत मेकॅनिकला ठाऊक आहे. झाकलेल्या चाकाची हवा कोणी तपासत नाही. कॅरव्हॅन वर्षातले कित्येक महिने एका जागी उभी असते. टायर झिजण्याआधीच वयाने कडक होतो, त्याच्या बाजूंना चिरा पडतात आणि टोपणाआड त्या दिसत नाहीत. चाकाचे बोल्ट सैल होऊन चालत्या कॅरव्हॅनचे चाक निखळण्याचे अपघात ब्रिटनमध्ये वर्षानुवर्षे चिंतेचा विषय राहिले, आणि त्यांत डावीकडच्या, म्हणजे पदपथाकडच्या, चाकाचे प्रमाण अधिक. म्हणून टोपण खिळवून बसवायचे नाही, सहज निघेल असेच बसवायचे, असा दंडक पडला. चाक काढून पुन्हा लावले तर बोल्ट मोजलेल्या जोराने आवळायचे आणि थोडे अंतर गेल्यावर थांबून पुन्हा तपासायचे.

१३/ कापडी टोपण त्याहून निराळे. ते प्रवासासाठी नाही, मुक्कामासाठी आहे. कॅरव्हॅनच्या कडेने अ‍ॅल्युमिनियमची खाच असलेली पट्टी असते. ऑनिंगच्या कापडाची दोरी भरलेली किनार तीत सरकवत नेतात. १९५७ मध्ये डेन्मार्कमध्ये सुरू झालेल्या इझाबेलासारख्या कंपन्यांनी ही ओसरी युरोपभर पोहोचवली. पण ओसरी उभी राहिली तरी कॅरव्हॅनच्या पोटाखालून वारा शिरतोच. म्हणून तळाच्या खाचेत एक झालर सरकवतात. झालर सरळ धावते, कमान गोल. उरलेल्या त्या अर्धचंद्रातून रात्रीचा गारठा आत येतो. त्यावर कडेला फोम भरलेले अर्धगोल कापड दाबून बसवायचे आणि काठीने किंवा रबरी चकत्यांनी धरून ठेवायचे. कॅरव्हॅन आधी समतल झालेली असावी, नाहीतर उंची बदलताच कापड सुटते. निघताना ते काढायला विसरले, तर चाक पहिल्याच फेऱ्यात त्याच्या चिंध्या करते.

१४/ आता कायदा. १९५९ च्या हायवेज अ‍ॅक्टच्या कलम १२७ नुसार फेरीवाल्याने किंवा ‘जिप्सी’ने रस्त्याकडेला मुक्काम टाकणे हा गुन्हा होता. कृती तीच, पण गुन्हा ठरे करणाऱ्यावरून. १८७१ च्या क्रिमिनल ट्राइब्ज अ‍ॅक्टने भारतात अनेक भटक्या जमातींवर जन्मापासून गुन्हेगारीचा शिक्का मारला, तो ज्या राज्यकर्त्यांनी, त्यांच्याच मायदेशी हा विचार इतक्या उशिरापर्यंत जिवंत होता.

१५/ पाठोपाठ १९६० चा कॅरव्हॅन साइट्स कायदा आला. कॅरव्हॅन उभी करू देणाऱ्या जागेला परवाना लागू झाला, सार्वजनिक कुरणांवर बंदी घालण्याचा अधिकार स्थानिक संस्थांना मिळाला. हंगामी कामासाठी आलेल्या रोमानी कुटुंबांना वर्षानुवर्षे जागा देणारे शेतकरी मागे सरले. त्याच कायद्यात मान्यताप्राप्त संघटनांना सूट होती: त्यांच्या सदस्यांसाठी पाचपर्यंत कॅरव्हॅनची छोटी ठिकाणे परवान्याविना चालू शकत. कॅरव्हॅन क्लबच्या सदस्याला त्या शेताच्या कोपऱ्यात ऑनिंग लावून बसता आले. पिढ्यान्‌पिढ्या तेथे उतरणाऱ्याला नाही.

याच कायद्याने कॅरव्हॅनची व्याख्याही केली: माणसाच्या राहण्यासाठी बनवलेली आणि एका जागेहून दुसरीकडे ओढून किंवा वाहून नेता येईल अशी रचना. व्याख्येत चाकाचा उल्लेखच नाही. कापडाने झाकले, टोपणाने लपवले, अगदी काढून टाकले, तरी कायद्याच्या लेखी कॅरव्हॅन ती कॅरव्हॅनच.

१६/ १९६८ च्या कायद्याने भटक्यांसाठी तळ बांधण्याचे बंधन स्थानिक संस्थांवर घातले. अनेकांनी चालढकल केली, आणि १९९४ मध्ये ते बंधनच रद्द झाले.

१७/ दर जून महिन्यात उत्तर इंग्लंडमधील अ‍ॅपलबी गावी घोड्यांची जत्रा भरते. रोमानी आणि इतर भटकी कुटुंबे शेकडोंनी येतात, ईडन नदीत घोडे धुतात. बहुतेकांच्या कॅरव्हॅन आता मोटारीमागे ओढायच्या, काहींवर क्रोमच्या चकचकीत पट्ट्या आणि काचांवर नक्षी. त्यांच्यामध्ये एखादी जुनी वार्डो उभी असते. तिचे आरे त्या वर्षी पुन्हा रंगवलेले असतात, आणि त्यांवर काहीही झाकलेले नसते.