विहिरीतले बिनडोळ्यांचे शेजारी

नारायणगावजवळ खोडदची रेडिओ दुर्बीण आकाशाला कान लावून बसली आहे. पायाखालच्या पाण्यात कोण नांदते, याची चौकशी मात्र आपण क्वचितच करतो. मी पडलो बी.ए. झालेला कवी, तरीही काशीच्या विहिरींची ही हकीकत सांगावीशी वाटते.

१९५० साली चोप्रा आणि तिवारी यांनी बनारसच्या विहिरींत मिळालेल्या एका चिमुकल्या कवचधारी जिवाचे वर्णन प्रसिद्ध केले. हा झिंग्या-खेकड्यांचा दूरचा भाऊबंद. त्याला डोळे नाहीत. त्याच्या नावात काशी आली. त्याचे सोयरे निघाले ऑस्ट्रेलियात, न्यूझीलंडमध्ये! हे भूखंड एकमेकांना जोडलेले होते, तेव्हापासूनचे हे घराणे. पुढे २०११ साली विल्सन आणि रंगा रेड्डी यांनी आंध्रातून एक नवी प्रजाती नोंदवली. तिच्या नावात आला शबुद्दीन. काशी आणि शबुद्दीन एकाच कुळात! मला तर फार आनंद झाला.

ओळख पटवतात ती सूक्ष्मदर्शकाखाली पायांचे सांधे, केस, जबडे पाहून. पण अंधारात राहून वेगवेगळे जीवही सारखे दिसू लागतात. म्हणून आता जनुकेही ताडून पाहतात. कधी एक वाटलेली प्रजाती दोन निघते.

आपल्या जुन्नर-आंबेगावात पाण्यासाठी बोअर खोल खोल चालले आहेत. पाणी आटले, खता-औषधांनी बिघडले, तर असे जीव जाणार कुठे? विहिरीचा गाळ काढताना थोडे पाणी बारीक कापडातून गाळून भिंगाखाली धरावे. ज्याला नावच नाही, त्याच्या मरणाची नोंद कोणत्या दप्तरात होणार?