करंगळीचा आग्रह कशासाठी?

गोल्फ शिकू पाहणाऱ्याला पहिल्याच धड्यात सांगितले जाते, की क्लब धरण्याची योग्य रीत एकच. उजव्या हाताची करंगळी डाव्या तर्जनी आणि मधल्या बोटामधल्या खाचेवर टेकली पाहिजे. हीच व्हार्डन ग्रिप. हॅरी व्हार्डनने १८९६ ते १९१४ या काळात ब्रिटिश ओपन सहा वेळा जिंकली आणि हा विक्रम आजही अबाधित आहे. मग त्याच्या पकडीवर शंका कशाला, असा हे सांगणाऱ्यांचा युक्तिवाद असतो.

मुळात ही पकड व्हार्डनची नव्हे. १८८९ आणि १८९१ साली ब्रिटिश ॲमॅच्युअर स्पर्धा जिंकणारा स्कॉटिश खेळाडू जॉनी लेडले त्याच्या आधीपासून असाच क्लब धरत होता. पण खरी अडचण पुढेच आहे. अठरा मेजर स्पर्धा जिंकणारा जॅक निकलस आणि पंधरा जिंकणारा टायगर वुड्स हे दोघेही करंगळी व तर्जनी एकमेकींत गुंतवतात. बॉब रॉसबर्गने १९५९ ची पीजीए चॅम्पियनशिप दहाही बोटे दांड्यावर ठेवून जिंकली. डर्बनचा भारतीय वंशाचा कॅडी पापवा सेवगोलम तर उजवा हात वर आणि डावा खाली, असा चक्क उलटा क्लब धरायचा. त्याने डच ओपन तीनदा जिंकली आणि १९६५ च्या नेटाल ओपनमध्ये गॅरी प्लेअरला मागे टाकले.

हे सारे अलौकिक प्रतिभेचे खेळाडू, त्यांचे दाखले सामान्यांना लागू नाहीत, असा आक्षेप येईल. तो टिकत नाही, कारण व्हार्डनही त्याच पंक्तीतला. त्याचा दाखला चालत असेल, तर यांचाही चालला पाहिजे.

मग पकडीचे काम तरी कोणते? क्लबचा फेस, म्हणजे चेंडूला भिडणारी त्याची सपाट बाजू, चेंडूवर नेमका आणून पोहोचवणे. क्लब आणि चेंडू यांचा स्पर्श सेकंदाच्या सुमारे दोन हजाराव्या भागापुरता असतो. तेवढ्यात हाताला काहीही दुरुस्त करता येत नाही. चेंडू कोणत्या दिशेने सुटणार, हे मुख्यतः त्या क्षणीच्या फेसवर ठरते, हे रडारच्या मोजमापांनी दाखवून दिले आहे. सुटताना एका अंशाचा फरक पडला, तर दोनशे मीटरवर चेंडू साडेतीन मीटर बाजूला जातो. हुकने, म्हणजे चेंडू डावीकडे वळण्याने, हैराण झालेल्या बेन होगनने म्हणूनच आपला डावा हात दांड्यावर डावीकडे वळवला. उलट पॉल एझिंगरचा डावा हात पुष्कळच उजवीकडे वळलेला असे, आणि १९९३ ची पीजीए चॅम्पियनशिप त्याने तशीच जिंकली. प्रत्येकाचा स्विंग निराळा, म्हणून फेस सरळ आणणारी पकडही निराळी.

याचा अर्थ 'हाताला सोयीचे वाटेल तसे धरा' असा मात्र होत नाही. सोय ही बहुधा जुनी सवयच असते. क्रिकेटची बॅट धरून वाढलेला आपल्याकडचा हात दांडा तळहातात आवळू पाहतो. तसे केले की मनगट जखडते आणि फटक्याचा वेग मरतो. उजव्या हाताने खेळणाऱ्याने डावा हात आधी बसवावा. दांडा तर्जनीच्या मधल्या पेरापासून करंगळीच्या मुळापर्यंत तिरका जावा आणि तळहाताची मांसल गादी त्याच्यावर टेकावी. मग फक्त ती गादी आणि वाकवलेली तर्जनी यांच्या आधाराने क्लब उचलून पाहावा. तो उचलला गेला, तर दांडा योग्य जागी आहे. निसटला, तर तो तळहातात शिरला आहे. वरून पाहताना डाव्या मुठीची दोन पेरे दिसली, तर सुरुवातीला तेवढे पुरे. चेंडू सतत डावीकडे वळत असेल, तर दोन्ही हात किंचित डावीकडे फिरवावेत. उजवीकडे वळत असेल, तर उजवीकडे. करंगळी टेकवायची, गुंतवायची की दांड्यावर ठेवायची, हे बोटांच्या लांबीवर आणि ताकदीवर सोडावे.

तेव्हा शिक्षकांना विनंती एवढीच, की विद्यार्थ्याची करंगळी हलवण्यापूर्वी त्याचे दहा-वीस चेंडू कुठे जातात ते पाहा. पकडीची परीक्षा चेंडूच्या वाटेवरच व्हायला हवी.